झेडपीतून संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात: अर्ज कसा लिहावा

व्हॅलरी एमॉस आधी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या नेत्या होत्या, नंतर २०१० ते २०१५ संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याच्या प्रमुख. कॅरोल बेलामी न्यूयॉर्क सिटी कौन्सिलच्या अध्यक्षा होत्या, पुढे १९९५ पासून दहा वर्षं युनिसेफच्या प्रमुख. अशी पदं महासचिवांच्या नेमणुकीने मिळतात आणि मागे देशाचं वजन लागतं. युनिसेफची सूत्रं आजवर अमेरिकनांकडेच राहिली आहेत. झेडपीत एक टर्म काढलेल्या बाईने मधली पायरी गाठावी.

ही मधली पायरी म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या पी-३, पी-४ या श्रेणींची पदं. पी-३ला पदव्युत्तर पदवी आणि किमान ५ वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, त्याच्या वरच्या पी-४ला ७ वर्षांचा. नुसती पदवी असेल तर साधारण २ वर्षं जास्त धरा. परदेशातलं काम गाठीशी नसेल तर आधी यूएन व्हॉलंटिअर्स या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत नाव नोंदवा. पस्तिशीनंतरही तिथे घेतात.

अर्ज अडतो तो ‘संबंधित’ या शब्दावर. ‘बांधकाम सभापती’ म्हणजे काय, हे जिनिव्हात बसलेल्या माणसाला कळत नाही. पद नको, काम लिहा. ‘२०१९च्या पुरात लोकांना मदत केली’ ही ओळ वाया जाते. समजा, तुमच्या छावणीत ६४० माणसं होती. मग असं लिहा: ‘दोन शाळांत ६४० जणांची सोय केली, रोज ९,६०० लिटर पाणी पुरवलं, ३२ शौचालयं उभारली.’ स्फिअर म्हणजे मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं. त्यांप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय लागतं (पहिल्या दिवसांत ५० जणांमागे एक चालतं). वाचणारा हेच गणित करून बघतो. शौचालयं १२च झाली असतील तर १२ लिहा, आणि कमी का पडली तेही लिहा: जागा नव्हती, की मैला उपसणारा सक्शन टँकर पोचला नाही?

मुलाखतीत ‘आम्ही केलं’ म्हणायची आपली सवय नडते. पाणी कुणाच्या वस्तीला आधी द्यायचं, हे तुम्ही कसं ठरवलंत? उत्तर ‘मी’ने सुरू करा. विरोधी गटाच्या वाडीला आधी टँकर पाठवला असेल तर तो प्रसंग जरूर सांगा. निष्पक्षपातीपणा म्हणतात तो हाच, आणि राजकारणातून आलेल्या बाईकडे तो आहे का, हेच ते तपासत असतात.

नोकरी लागल्यावर मतदान करता येतं, पक्षाची साधी वर्गणीही भरता येते. उमेदवारी किंवा प्रचार नाही. फेसबुकवरच्या जुन्या प्रचाराच्या पोस्ट अर्जाआधीच नीट बघून घ्या.

संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. पैसे मागणारा एजंट फसवा समजा.