वणव्याचा धूर वाचताना या चुका टाळा

शिमगा जवळ आला की सह्याद्रीत वणवे सुरू होतात आणि ते विझवायला येणारी नवी पोरं दरवर्षी तीच चूक करतात. सकाळी दरीत धूर चपटा पसरलेला दिसला, की ‘आग थंडावली’ म्हणून निवांत.

थंडावलेली असते ती जमीन. रात्री ती निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वर मात्र ऊबदार हवा राहते. असं झाकण बसलं की धूर वर जात नाही, वरचा वारा खाली पोचत नाही, आग नुसती धुमसते. ऊन चढलं, जमीन तापली, की झाकण उडतं आणि वारा खाली उतरतो.

मुळशीकडच्या एका सोंडेवर वणवा विझवायला आम्ही आठ जण होतो. साडेआठला खाली निळसर थर पाहून “आधी चहा घेऊ” म्हणणारा मीच. साडेदहाच्या सुमारास थर फाटला, धुराचा खांब उभा राहिला आणि बघता बघता ज्वाळा घळीतून वर. आग झोडायच्या ओल्या डहाळ्या तिथेच टाकून आम्ही शेजारच्या जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात पळालो, म्हणून वाचलो. तेव्हापासून मी पहाटे सहाला डोंगरावर असतो आणि चहा नऊनंतर घेतो.

‘धूर सरळ वर चाललाय, म्हणजे वारा नाही’ हेही खुळच. दुपारी ढवळलेल्या कोरड्या हवेत दर किलोमीटर उंचीला तापमान सुमारे १० अंशांनी उतरतं. तापलेला धूर त्यात सुसाट वर जातो आणि त्याची जागा भरायला खालून चहूकडची हवा आगीकडे धावते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगणारा खांब दिसला की मी माणसं मागे घेतो. ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) घेऊन आलेल्या उतावळ्यांची मान वर होतच नाही.

मोबाइलवरच्या हवामान अंदाजातला वारा हा मोकळ्यावरचा, १० मीटर उंचीवरचा असतो. घळीतला वारा मात्र दिवसा चढाकडे वाहतो, रात्री उताराकडे.

रात्री आग आपोआप विझेल? दरीत कदाचित. डोंगराच्या मधल्या उंचीवर ऊबदार पट्टा राहतो, तिथलं गवत रात्रीही पेटतं.

आगीच्या वरच्या अंगाला उभं राहू नका. कारण विचारू नका.

राब (भाताच्या रोपांसाठी शेतात पसरलेला पालापाचोळा) भाजणाऱ्यांनो, सकाळची शांत हवा बघून पेटवता, पण निखारे अकरापर्यंत जिवंत असतात. पाणी मारल्यावर राखेवर उलटा हात धरून बघा. मी धरतो, गावातले हसतात.