गोल्डन वंडर किली इतर माशांसोबत ठेवताना

गोल्डन वंडर किली (आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत सापडणाऱ्या ॲप्लोकायलस लिनिएटस या माशाचाच सोनेरी प्रकार) टाकीत आला की निऑन टेट्रासारखे छोटे मासे एकेक करून नाहीसे होतात. हा आक्रमकपणा नव्हे, भूक आहे: तोंडात मावेल तो मासा तो गिळतो.

1. सोबती 5 सेंमीहून मोठे, मधल्या किंवा तळाच्या थरात राहणारे घ्या. रोझी बार्ब उत्तम.
2. एका नरामागे 2-3 माद्या ठेवा. लहान टाकीत दोन नर एकमेकांचे पर फाडतात.
3. निम्मा पृष्ठभाग तरंगत्या वनस्पतींनी झाका. नर मागे लागला की मादीला तिथेच आडोसा मिळतो.

झाकण मात्र हवंच, फिल्टरच्या नळीजवळची फटसुद्धा स्पंजने बुजवा. हा मासा तेवढ्यातूनही उडी मारतो.