शेंद्रीची काढणी: उन्हापासून रंग वाचवा

पौष-माघात शेंद्रीची, म्हणजे बियांपासून खाण्याचा रंग देणाऱ्या झाडाची, बोंडे तपकिरी होऊन तडकू लागतात. वाण आणि पाऊसमानाप्रमाणे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होईल, पण बांधावर झाडे असतील तर आता दोन दिवसांआड फेरी हवी. या पिकाचा सगळा पैसा बियांवरच्या पातळ तांबड्या थरात असतो. त्यात बिक्सिन हे रंगद्रव्य असते. लोणी, चीज यांना पिवळा-केशरी रंग देण्यासाठी ते वापरतात. जाणकार खरेदीदार वजनासोबत बिक्सिनचे प्रमाणही बघतो.

बोंड हिरवे-लाल असताना तोडू नका, रंग पुरता भरलेला नसतो. पूर्ण उघडेपर्यंतही थांबू नका, उघड्या बियांवर ऊन-दव पडून रंग उतरतो. घोसातली बहुतेक बोंडे वाळली आणि एखाददुसरे तडकले की कात्रीने अख्खा घोस कापा. अवकाळीचा अंदाज असेल तर तडकलेले घोस आधी उतरवा.

खरे नुकसान खळ्यावर होते. मिरची, हळद उन्हात वाळवायची सवय असल्याने शेंद्रीही अंगणात पसरली जाते. बिक्सिनला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. बोंडे पडवीत किंवा वारा खेळत्या छपराखाली पातळ पसरा, रोज खालीवर करा. कडक झाली की पोत्यात भरून काठीने हलके ठोका. जोराने बडवलेत किंवा बी हाताने चोळलेत तर थर झडतो आणि रंग भुशात जातो. सुपाने पाखडून टरफले वेगळी करा. बी धुवायचे नाही, ओले साठवायचेही नाही. कोरडे झालेले बी आतून प्लास्टिक लावलेल्या गोणीत भरून अंधाऱ्या, थंड खोलीत फळीवर ठेवा आणि लवकर विका, कारण साठवणीतही रंग घटत राहतो.

रंग कसा आहे हे घरी पाहायचे तर दोन झाडांचे मूठमूठ बी कोमट गोडेतेलात वेगवेगळे टाका. बिक्सिन तेलात उतरते, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. नेमका आकडा मात्र प्रयोगशाळाच देईल.

मालाचा रंग खाण्यात जातो, त्यामुळे पिकत्या बोंडांवर कसलीही फवारणी नको. पानांवर भुरी दिसली तरी काढणीपर्यंत थांबा, रोगट शेंडे छाटणीत काढता येतात. फुलोऱ्यातही कीटकनाशक टाळा. या फुलातले पराग भुंगे गुणगुणत हलवतात तेव्हाच नीट बाहेर पडतात.

काढणी संपली की लगेच छाटणी करा. बोंडे फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, म्हणजे नवी फूट जितकी जास्त तितके घोस जास्त. झाड हाताच्या उंचीत ठेवले तर पुढची तोडणीही सोपी जाते.

नवी लागवड करणाऱ्यांनी आधी खरेदीदार गाठावा. हे पीक बाजार समितीच्या फलकावर सहसा दिसत नाही. बियांपासूनची रोपे एकसारखी निघत नाहीत, म्हणून तेलात गडद रंग देणाऱ्या झाडावर आत्ताच खूण करा आणि पावसाळ्यात त्याच्याच फांद्यांची कलमे करा.