टेबलावरचं महायुद्ध: पहिल्या दहा सैनिकांपासून पहिल्या लढाईपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाया छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी टेबलावर खेळायच्या, या छंदात नवीन आलेला माणूस हमखास जर्मनांच्या टायगर रणगाड्यापासून सुरुवात करतो. मीही केली. महिनाभर खपून तो रंगवला, वाळवंटाच्या टेबलावर ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीसमोर उभा केला. समोरच्या मित्राने शांतपणे विचारलं, "लढाई कुठली?" म्हटलं, इजिप्तमधली अल् अलामीनची. "मग हा इथे काय करतोय?"

त्याचं बरोबर होतं. अल् अलामीनचा निकाल १९४२च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लागला होता. आफ्रिकेत पहिले टायगर उतरले ते त्याच महिन्याच्या उत्तरार्धात, तेही दूर ट्युनिशियात. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी ठिकाण आणि साल, मग सैन्य, आणि सगळ्यात शेवटी खरेदी.

१. ठिकाण आणि साल ठरवा

"दुसरं महायुद्ध" एवढं म्हणून भागत नाही. १९४०चा जर्मन सैनिक आणि १९४४चा जर्मन सैनिक यांच्या हातातली शस्त्रंही वेगळी आणि अंगावरचे कपडेही. नवशिक्याने १९४४चा उन्हाळा आणि नॉर्मंडी निवडावी, असं मी सांगतो. त्या मोहिमेचे सैनिक सगळ्या कंपन्या बनवतात, आणि तिथली उंच, दाट कुंपणं लहान टेबलावर फार उपयोगी पडतात, कारण समोरचं दिसत नसलं की दहा माणसांची लढाईही रंगते.

जागा अगदीच कमी असेल तर कोहिमा. १९४४च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे जपानी आणि ब्रिटिश-भारतीय सैन्य एका टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना खंदक खणून बसलं होतं. २८ मिमीच्या स्केलमध्ये ते अख्खं कोर्ट जेमतेम ४२ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद होतं. अभ्यासाच्या टेबलावर मावेल!

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका. कोणाला तरी जर्मन व्हावंच लागतं. मी नेहमीच्या जर्मन पायदळाचे सैनिक घेतो, नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे, म्हणजे एसएसचे, घेत नाही. काही जण घेतात. समोर बसणाऱ्याशी आधी बोललेलं बरं.

२. स्केल

सैनिकाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. २८ मिमी म्हणजे साधारण १/५६, २० मिमी म्हणजे १/७२, १५ मिमी म्हणजे १/१००. त्याखालचे ६ मिमीचे सैनिक तांदळाच्या दाण्याएवढे. एकेका माणसाचा चेहरा दिसायला हवा असेल तर २८, रणगाड्यांची आख्खी कंपनी हलवायची असेल तर १५. रणगाड्यांची १/७२ची जुनी मॉडेल किट हाताशी असतील तर २० मिमीचा विचार करा. एकदा ठरलं की बदलायचं नाही. दोन स्केलचे सैनिक शेजारी ठेवले की बाप-लेक सहलीला निघाल्यासारखे दिसतात.

३. फक्त दहा-दहा सैनिक

मोठा खोका घेण्याचा मोह आवरा. ब्रिटिशांचं सेक्शन, म्हणजे पायदळाची छोटी तुकडी, दहा जणांचं: तिघे ब्रेन या हलक्या मशीनगनवर, सात जण रायफलींच्या गटात. समोर तशीच जर्मन तुकडी, 'ग्रुप'. १९४४पर्यंत त्यात नऊच माणसं उरली होती, पण मधोमध एमजी ४२ मशीनगन असायची, मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडणारी. ब्रेनचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि मॅगझिन ३० गोळ्यांचं. खेळातली सगळी चुरस या फरकात आहे. एक तुकडी मशीनगनने समोरच्याला डोकं वर काढू देत नाही, तेवढ्यात दुसरी बाजूने पुढे सरकते. हे डावपेच अंगवळणी पडायला दोन्ही बाजूंची मिळून एकोणीस माणसं पुरतात.

४. जोडणी आणि रंग

प्लॅस्टिकचे भाग चौकटीत येतात. ते हाताने पिरगळून तोडू नका, कटरने कापा, आणि साच्याची बारीक रेघ चाकूच्या पाठीने खरवडून काढा. ही रेघ राहिली की रंग दिल्यावर सैनिकाच्या गालावर व्रण उठून दिसतो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट, धातू आणि रेझिनला सुपरग्लू. रेझिन आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, आणि ते घासताना तोंडाला मास्क हवाच.

मग प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचं अस्तर. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून झरझर फिरवायचा, दोन पातळ थर. दमट हवेत हे काम करू नका. मी एकदा केलं आणि अख्खं सेक्शन पीठ चोळल्यासारखं खरखरीत झालं.

रंग अॅक्रिलिक घ्या, पाण्याने पातळ करा, दुधाइतके. आतून बाहेर जायचं: आधी चेहरा आणि हात, मग गणवेश, मग पट्टे, मग रायफलीचं लाकूड, शेवटी लोखंड. ब्रिटिश गणवेश तपकिरी खाकी, त्यावरचे पट्टे हिरवट. जर्मन गणवेश करडा-हिरवा. नेमकी छटा कोणती, यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. उन्हापावसात वापरलेलं कापड दोन सैनिकांच्या अंगावर सारखं राहत नाही, हे लक्षात ठेवा आणि पुढे चला.

खरी जादू वॉशमध्ये, म्हणजे अगदी पातळ केलेल्या रंगात आहे. पातळ तपकिरी वॉश ब्रशने सैनिकावर सोडला की तो आपोआप कोपराच्या चुण्यांत, पट्ट्यांच्या कडेला, बोटांच्या मधे उतरतो. पाच मिनिटांपूर्वी सपाट दिसणाऱ्या चेहऱ्याला डोळ्यांच्या खोबण्या येतात. थेंब कुठे साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. पूर्ण वाळू द्या, मग उंचवट्यांवर मूळ रंगाचा हलका हात पुन्हा फिरवा. डोळे रंगवू नका. हातभर अंतरावरून ते कोणालाच दिसत नाहीत, आणि रंगवले तर सैनिक दचकल्यासारखा दिसतो. सैनिकाच्या पायाखालच्या बैठकीवर पांढरा गोंद आणि वाळू, वर थोडं कृत्रिम गवत. शेवटी मॅट वार्निश.

५. रणभूमी

खेळाचं नेहमीचं टेबल सहा बाय चार फुटांचं, पण दहा-दहा जणांना तीन बाय तीन भरपूर होतं. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापले की गव्हाचं शेत तयार. भांडी घासायची हिरवी घासणी फाडून पट्टीवर चिकटवली की कुंपण. एक घर पुठ्ठ्याचं. टेबलाच्या एका टोकावरून दुसरं टोक सरळ दिसत असेल तर आडोसे कमी पडलेत. आणखी ठेवा.

६. पहिली लढाई

खेळाच्या नियमांची वेगवेगळी पुस्तकं मिळतात, त्यांत नवशिक्याला 'बोल्ट अॅक्शन' सोपं जातं. त्यातली पिशवीची कल्पना मला फार आवडते. प्रत्येक तुकडीमागे एक फासा, दोन्ही बाजूंचे दोन रंग, सगळे एका पिशवीत. ज्याचा रंग निघेल तो आपली एक तुकडी हलवतो, त्यामुळे पुढची पाळी कोणाची हे कोणालाच ठाऊक नसतं. पुढे सरकून गोळीबार करायचा तर ६ इंच, नुसतं धावायचं तर १२. रायफलीचा पल्ला २४ इंच. स्केलप्रमाणे हे अंतर अवघं ३४ मीटर होतं आणि खरी रायफल शेकडो मीटर मारते, पण तसं मोजलं तर टेबल पुढच्या गल्लीपर्यंत न्यावं लागेल.

एक पाळी करून दाखवतो. ब्रिटिशांच्या दोन तुकड्या करा, ब्रेनवाले आणि रायफलवाले. जर्मन दगडी भिंतीआड. समजा, ब्रेनला चार फासे आहेत. एरवी ३ किंवा जास्त पडलं की गोळी लागते, पण पक्का आडोसा असल्यामुळे २ वजा, म्हणजे आता ५ किंवा जास्त हवेत. पडले २, ५, ३, ६. दोन लागल्या. साध्या शिपायाला मारायला पुन्हा ४ किंवा जास्त लागतात. पडले ३ आणि ४. एक गेला.

पण गेलेल्या माणसापेक्षा महत्त्वाची आहे ती 'पिन', दडपणाची खूण. गोळी लागली की तुकडीवर ती एक बसते. साध्या शिपायांचं मनोधैर्य ९, पिनमुळे ते झालं ८. आता जर्मनांना काहीही करायचं असेल तर दोन फाशांची बेरीज ८ किंवा कमी यायला हवी. पिशवीतून जर्मनांचा फासा निघाला, पडले ५ आणि ४. बेरीज नऊ. एमजी ४२ गप्प, सगळे जमिनीला चिकटलेले, आणि पिशवीतून पुन्हा ब्रिटिशांचा फासा निघाला. रायफलवाले सात जण गव्हातून १२ इंच धावले.

सहा पाळ्यांत घर कोणाच्या ताब्यात राहतं, एवढाच पहिल्या दिवसाचा सामना ठेवा. नियम अडला तर पुस्तक उघडून वाद घालत बसू नका. एक फासा टाका, १ ते ३ तुझं, ४ ते ६ माझं, आणि खेळ चालू द्या. पुस्तक रात्री वाचता येतं.

असे चार-पाच सामने झाले की दोन्ही बाजूंना आणखी एक सेक्शन आणि एक हलकी तोफ द्या. टायगर आणायचाच असेल तर नॉर्मंडीत काँ शहराच्या आसपासची लढाई मांडा आणि समोर ब्रिटिश किंवा कॅनेडियन उभे करा, कारण त्या उन्हाळ्यात टायगर मुख्यतः त्यांच्याशीच लढले. माझा अजून वाळूच्याच रंगात आहे. ट्युनिशियाचं टेबल व्हायचंय.