भाचीचा इंग्रजी निबंध असा मार्गी लागला

भाषणातली पटवणारी भाषा उलगडून दाखवायची, तर भाचीच्या वहीत नुसती यादी: इथे पुनरुक्ती, तिथे प्रश्न. मी विचारलं, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर मासळीवाली मावशी ‘तुमच्यासाठीच ठेवलाय’ म्हणते, तेव्हा हात खिशाकडे का जातो? तिला लगेच उमगलं.

मग ८ ऑगस्ट १९४२ चं गांधीजींचं भाषण घेतलं. ‘डू ऑर डाय.’ तीन एवढेसे शब्द, शेवटच्या माणसालाही पाठ होणारे. मधल्या ‘ऑर’ने तिसरी वाटच बंद. पुढच्या वाक्यात ‘वी’, म्हणजे बोलणाराही त्याच जोखमीत. केवढी ताकद आहे ही!

आता प्रत्येक परिच्छेदात ती आधी शब्द उचलते, मग ऐकणाऱ्याच्या मनात काय हललं ते लिहिते. अलंकाराचं नाव शेवटी. नावं घोकून घेणं मला मुळीच पटत नाही.