मिकीच्या पंगतीला बसायचं असेल तर

सिंहगड रस्त्यावर माझं पोळी-भाजी केंद्र आहे, जोडीला बारशी-मुंजींच्या ऑर्डरी. त्यामुळे हाँगकाँग डिस्नेलँडला जाऊन मिकीबरोबर जेवायचा बेत नवऱ्याने काढला, तेव्हा मी आधी माणशी भाव विचारला. तेवढ्या पैशात माझ्या एका गिऱ्हाइकाचा महिन्याचा डबा निघतो. पण गेलो. आम्ही दोघं, सासूबाई आणि पाच वर्षांचा ईशान. आता ओळखीत कोणी निघालं की मला फोन येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तिथल्या पदार्थांवरून पैसे वसूल झाले की नाही ते ठरवू नका. पार्कात मिकीला भेटायला रांगेत उभं राहावं लागतं. पोर कडेवर, बाटली नवऱ्याच्या खिशात, आणि नंबर लागला की फोटो काढून चला पुढे. जेवणाच्या हॉलमध्ये तुम्ही गारव्यात बसता आणि तो तुमच्या टेबलापाशी येतो. मी सवयीने वाढप कशी चालली आहे ते बघत होते, तेव्हा लक्षात आलं की नावाला बुफे असला तरी ही पंगतच आहे. आपल्याकडे वाढपी वाढून जातात, पण यजमान स्वतः जिलब्यांचं ताट घेऊन ‘एक तरी घ्याच’ म्हणत समोर आला की पानावर बसलेल्याला बरं वाटतं. मिकी तेच करतो, फक्त हातात जिलबी नसते. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या लहानपणी बहुरूपी दारात यायचा, आम्ही त्याला पसाभर धान्य घालायचो. आता आपणच त्याच्या दारात, आणि वर पैसे मोजून!”

बुकिंग करताना जागा हॉटेलात आहे की पार्कात, ते बघा. आम्ही गेलो ते ‘एन्चान्टेड गार्डन’ हाँगकाँग डिस्नेलँड हॉटेलात आहे. अशा हॉटेलातल्या जेवणाला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ते पोचल्याच्या दिवशी किंवा निघायच्या आदल्या संध्याकाळी ठेवावं. पार्कच्या तिकिटाचा दिवस त्यात घालवू नये. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधलं ‘शेफ मिकीज’ही असंच कंटेम्पररी हॉटेलात आहे. याउलट तिथल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण पार्काच्या आत, म्हणजे तिकीट वेगळं. फ्लोरिडात बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि किल्ल्यातल्या जागा भराभर जातात. तिकडे ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा दर वेगळा, त्याहून लहान फुकट, आणि दहावं लागलं की मोठ्यांचा दर. वाढदिवसासाठी जात असाल तर दहाव्यापेक्षा नवव्याला जा.

मग वेळ. इथे आम्ही फसता फसता वाचलो. हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. नवरा सकाळी आठचा नाश्ता घेणार होता, म्हणजे पुण्यातले साडेपाच. त्या वेळी ईशानसमोर खुद्द गणपतीबाप्पा आले तरी तो डोळे उघडणार नाही. आम्ही रात्रीचं जेवण घेतलं. तिकडचे सात म्हणजे इथले साडेचार, पोर दुपारची झोप झाल्यासारखं टवटवीत. पॅरिसच्या डिस्नेलँडला उलटं. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, मुलं पहाटेच उठून बसतात, तेव्हा तिथे नाश्ता उत्तम.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा, एकेक नाव घालून लिहा. तिथे गेल्यावर शेफला बोलवायला लाजू नका. बुफेत डावांची अदलाबदल होते, हे मी रोज माझ्या केंद्रात बघते, म्हणून मी सासूबाईंना नुकत्याच भरून आणलेल्या भांड्यातलंच वाढून दिलं. बाकी आमच्याकडे खोलीवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

खरी युक्ती बसल्यानंतरची. मिकी आणि त्याच्या गोष्टींतली बाकीची पात्रं एकामागून एक टेबलं घेत फिरतात. बसल्या बसल्या वाढणाऱ्याला विचारून ठेवा, कोण कोण येणार आणि कुठल्या बाजूने. यजमान आपल्या ओळीत शिरल्यावर कोणी पानावरून उठतं का? आम्ही उठलो. मी ईशानसाठी कलिंगड आणायला गेले आणि परतले तोवर मिकीचा मित्र गूफी पुढच्या टेबलावर. त्यामुळे दोन टेबलं अलीकडे कोणी दिसलं की जागा सोडू नका, तोंडातला घास गिळा आणि मुलाचे हात पुसून घ्या. पात्रांच्या सह्या घ्यायची वही कोऱ्या पानावर उघडून ठेवा. पेन जाड घ्या, टोपण काढून द्या. त्या फुगीर हातमोज्यांत बारीक बॉलपेन धरता येत नाही. मुखवट्यातून खालचं आणि बाजूचं फार दिसत नाही, म्हणून मुलाला मागून पळत जाऊन मिठी मारू देऊ नका, समोरून जाऊ दे. पिशव्या वाटेतून उचला. पोटापुढे आमटीचं पातेलं धरून चालणाऱ्या वाढप्याच्या पायात दप्तर आलं की काय होतं, ते मी एका मुंजीत बघितलंय.

मुखवटेवाली पात्रं बोलत नाहीत, खुणा करतात. राजकन्या बोलतात, पण मराठीत नाही. म्हणून लहान मुलांना आधी मुखवटेवाल्यांकडे न्या, तिथे भाषा आड येत नाही. ईशानने मिकीला विचारलं, “तुझे कान झोपताना टोचतात का?” मिकीने गालाखाली हात घेऊन झोपल्यासारखं केलं, मग कान धरून दचकला. “आई, याला मराठी येतं!” मिकी मराठी समजून नाचला की नवऱ्याचा हसरा चेहरा बघून, देव जाणे.

पण त्याच ईशानची सुरुवात टेबलाखाली झाली होती. त्याच्या समोर आलेला प्लुटो, म्हणजे मिकीचा कुत्रा, त्याच्या दुप्पट. नवरा ओढायला लागला, मी थांबवलं. प्लुटो खुर्चीशेजारी बसला, पंजा जमिनीवर टेकवला आणि तोंड मुद्दाम दुसरीकडे फिरवलं. टेबलक्लॉथखालून एक बोट आलं, पंजाला लागलं, परत आत गेलं. पुन्हा आलं. प्लुटो तसाच. तिसऱ्यांदा अख्खा हात. तेव्हा पोराला ओढू नका, फोटोसाठी तर नाहीच. निघण्याआधी एखाद्या मॉलमध्ये किंवा दुकानाच्या उद्घाटनाला असा मुखवटेवाला दिसला तर लांबून दाखवा. दुसऱ्यांदा टाळी द्यायला सांगा.

एवढा खर्च नको असेल तर घरच्या वाढदिवसाला पोशाखवाला बोलवा. फक्त हॉलच्या कोपऱ्यात उभा करू नका, पानापानावर फिरवा. आणि एक लक्षात ठेवा. माझ्या एका ऑर्डरीला, ऐन मे महिन्यात, अस्वल झालेला मुलगा जिन्यात डोकं काढून पाणी पीत बसला होता, आणि उत्सवमूर्तीनेच त्याला बघितलं. तासभर रडारड. त्याला दार लागणारी आतली खोली द्या, पंखा लावून. ताट तिथेच वाढा, आणि आमरसाची वाटी मोठी घ्या, तो घामाने निथळत असतो.