टबात तरंगणारा भारत : भूपट्ट शिकताना-शिकवताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात थर्माकोलचा चुरा झाडता झाडता माझी कंबर मोडते. शिकवणीची मुलं, शेजारची मुलं, मागच्या वर्षी तर सख्खा भाचा, सगळ्यांना तेच मॉडेल हवं असतं. प्लास्टिकचा टब, त्यात लाल रंग कालवलेलं पाणी, वर खंडांच्या आकाराचे थर्माकोलचे तुकडे. फुंकर मारली की भारत सरकतो, आशियाला जाऊन टेकतो आणि टाळ्या पडतात.

भाच्याच्या टबापुढे परीक्षक बाई थांबल्या. "हे लाल काय आहे रे?" "लाव्हा." "बरं. मग समुद्राचा तळ कुठे आहे?" पोरगं चक्क टबाखाली वाकून बघायला लागलं.

बक्षीस गेलं ते गेलंच. पण टब मीच भरून दिला होता, तेव्हा चूकही माझीच. नंतर हिशोब केला तर लक्षात आलं, की या विषयातल्या बहुतेक चुका मुलं डोक्याने करत नाहीत, चित्रं त्यांच्याकडून करवून घेतात. पुस्तकातलं चित्र समजावं म्हणून काढलेलं असतं, आपण ते फोटोसारखं खरं धरून चालतो.

खंड म्हणजे प्लेट, आणि कवच म्हणजेही प्लेट

या दोन चुका जोडीने येतात. इंदूरच्या मराठी मुलांची इथे आणखी एक अडचण असते. शाळेच्या हिंदी पुस्तकात 'भूपर्पटी' आणि 'स्थलमंडल', घरात मराठीतून समजावताना 'भूकवच' आणि 'शिलावरण', इंग्रजी माध्यमवाल्याला 'क्रस्ट' आणि 'लिथोस्फिअर'. सहा शब्द, गोष्टी दोनच. सहाही शब्द पाठ असणारा मुलगासुद्धा उत्तरात दोन्हींची खिचडी करून ठेवतो.

कवच म्हणजे सगळ्यात वरची साल. खंडांखाली ती सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, तिबेट-हिमालयाखाली ७० च्या घरात जाते, आणि समुद्राखाली जेमतेम ७ किलोमीटर. प्लेट, म्हणजे भूपट्ट, याहून बरीच जाड असते. कवच आणि त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड थराचा, म्हणजे मँटलचा) वरचा कडक भाग मिळून शिलावरण होतं, त्याचा एकेक तुकडा म्हणजे प्लेट, जाडी साधारण १०० किलोमीटर, जुन्या खंडांखाली त्याहूनही जास्त. वर्गात मी ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेते आणि मुलांना त्रैराशिक मांडायला लावते. खंडाचं कवच येतं एक मिलिमीटरपेक्षाही कमी, प्लेट येते अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर. पुस्तकातल्या चित्रात हीच साल कलिंगडासारखी जाड असते.

दुसरं म्हणजे प्लेटच्या कडा किनाऱ्यावर संपत नाहीत. आपल्या प्लेटवर भारत आहे तसा हिंदी महासागराचा मोठा तळही आहे. पॅसिफिक प्लेट तर जवळजवळ सगळीच समुद्राखाली. म्हणून टबात खंड तरंगवले की अर्धं जग गायब होतं. बाई विचारत होत्या तो तळ हाच.

'खाली लाव्ह्याचा समुद्र आहे'

या चुकीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या निम्म्या चुका हिच्या पोटातून निघतात.

प्रावरण वितळलेलं नाही, ते घन दगडाचं आहे. हे कसं कळलं? खाली जाऊन कोणी पाहिलेलं नाही. रशियातल्या कोला इथलं सगळ्यात खोल भोक १२,२६२ मीटरवर थांबलं, म्हणजे त्याने खंडाचं कवचसुद्धा पार केलं नाही. कळलं ते भूकंपलहरींवरून. दुय्यम, म्हणजे एस लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरामात जातात. अडतात त्या जवळपास २,९०० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्यापाशी. द्रव थर तो आहे, लोखंड-निकेलचा, आणि प्लेट त्याच्यावर तरंगत नाहीत.

मग घन दगड वाहतो कसा? यासाठी देवघरात उभी राहिलेली मेणबत्ती आठवा. मे महिन्यात पंधरा दिवस तशीच राहिली तर ती कमरेतून वाकते. वितळलेली नसते, हातोडी मारली तर तुकडेच पडतील, पण उष्णता आणि वेळ मिळाला की वाकते. प्रावरणाचं असंच आहे, फक्त दिवसांच्या जागी लाखो वर्षं घाला.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रबडीच्या कढईपाशी उभं राहून मीही मुलांना वर्षानुवर्षं साय दाखवली आहे. कारागीर साय कडेला सारतो, तिला कढईच्या काठाला सुरकुत्या पडतात, आणि मी म्हणायचे, "हा बघा हिमालय!" सुरकुतीचं ठीक होतं. पण खालचं दूध पातळ, त्यामुळे घरी जाताना मुलं सुरकुतीबरोबर पातळ प्रावरणही घेऊन जायची. साय दाखवायची असेल तर जरूर दाखवा, दूध मात्र प्रावरण म्हणून खपवू नका.

पुढचा प्रश्न लगेच येतो : "काकू, मग लाव्हा येतो कुठून?" चांगला प्रश्न आहे, झटकू नका. कुकरमध्ये दाब असतो म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि दाब गेला की भसकन उकळतं. खोलवरचा तापलेला दगडही दाबामुळे घन राहिलेला असतो. तो वर येऊ लागला की दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. समुद्राच्या मध्यावरच्या पर्वतरांगांखाली हेच चालू असतं. दुसरा रस्ता पाण्याचा. समुद्रतळाची प्लेट दुसरीखाली घुसताना पाणी बरोबर नेते, ते वरच्या गरम दगडात शिरलं की दगड कमी तापमानाला वितळतो. अंदमानचं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, याच प्रकारातला.

इथेच आणखी एक चूक उलगडते. 'प्लेट आदळल्या की ज्वालामुखी होतो' असं सरसकट लिहू नका. हिमालयात दोन खंड भिडले आहेत. खंडांचं कवच हलकं, ते प्रावरणात खोल बुडायला तयार नसतं, त्यामुळे ते चुरगळून जाड झालं आणि उंच झालं. तिथे भूकंप आहेत, धगधगती तोंडं नाहीत.

राहिला ढकलण्याचा मुद्दा. चित्रात प्रावरणात गोल फिरणारे बाण असतात आणि प्लेट त्यांच्यावर सरकत्या पट्ट्यासारखी निघालेली असते. उष्णतेचे प्रवाह आहेतच, पण मोठा जोर प्लेटच्या बुडणाऱ्या टोकाचा असतो. दोरीवर ओली साडी घालताना एक बाजू जास्त सोडली, तर ती आपल्या वजनाने बाकीची साडी ओढून नेते. समुद्रतळ जुना होतो तसा थंड आणि जड होतो, खाली घुसतो आणि मागची प्लेट ओढतो. ज्यांची लांबच लांब कड अशी बुडते आहे, त्या पॅसिफिकसारख्या प्लेट वेगाने सरकतात. समुद्रतळ सतत असा गिळला जातो म्हणूनच तो फारसा म्हाताराही होत नाही. महासागरांतला तळ १८ कोटी वर्षांपलीकडे क्वचितच सापडतो, खंडांवर मात्र ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत.

जानापावचं तोंड

ही चूक पूर्णपणे माझी. महूजवळच्या जानापावला आम्ही दर वर्षी सहल नेत असू. परशुरामाचं स्थान, चंबळेचा उगम, वर कुंड. इंदूरमध्ये कोणालाही विचारा, तो सांगेल, तिथे ज्वालामुखी होता. मीही कुंडाकडे बोट दाखवून मुलांना सांगायचे, "हे त्याचं तोंड." भूशास्त्र शिकलेली एक मैत्रीण एकदा बरोबर आली. तिने मला काही म्हटलं नाही, परतीच्या वाटेवर घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी गाडी थांबवली.

"थर कसे आहेत बघ."

आडवे होते. काळा घट्ट दगड, त्याच्यावर बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला दगड, काही भोकांत पांढरे खडे, त्याच्यावर हातभर विटकरी लाल पट्टा आणि वर पुन्हा काळा घट्ट दगड. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी असता तर थर तोंडापासून बाहेर उतरते दिसले असते. इथे लाव्हा जमिनीच्या लांब भेगांतून आला, पाण्यासारखा पसरला, थांबला आणि पुन्हा आला. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली विश्रांती. खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून माती झाला आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. जानापावचा डोंगर म्हणजे आजूबाजूचे थर झिजून गेल्यावर उरलेला तुकडा.

हा दक्खनचा ट्रॅप. नाव स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून पडलं, आणि घाटातून समोरचे डोंगर पाहिले की पायऱ्या दिसतातच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीकडे जाडी दोन किलोमीटरच्या वर, आमच्या माळव्यात त्याहून खूप कमी. माळव्याची काळी माती, आणि म्हणून ते 'डग डग रोटी, पग पग नीर', याच दगडाच्या कुजण्यातून आलं.

आणि मुख्य गोष्ट : इथे तेव्हा प्लेटची सीमा नव्हती. प्लेटच्या पोटाखाली खोलवर एक तप्त ठिकाण होतं, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तेच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. भारत पुढे निघून गेला, चूल मागे राहिली. 'ज्वालामुखी फक्त सीमांवर असतात' हे वाक्य इंदूरच्या मुलाने तरी लिहू नये, तो त्याच्या उलट पुराव्यावर पाय ठेवून उभा आहे.

'आपण सीमेपासून लांब, आपल्याला काय धोका?'

२६ जानेवारी २००१ ची सकाळ, पावणेनऊ. झेंडावंदनाला निघायच्या गडबडीत होते, पंखा बंद असताना हलायला लागला. केंद्र कच्छमध्ये, तीव्रता ७.७. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक झोपले असताना किल्लारी, ६.२. आणि आपल्याच मध्य प्रदेशात २२ मे १९९७ ला जबलपूर, ५.८. तिन्ही प्लेटच्या आत.

कारण असं, की हिमालयापाशी अडलेली प्लेट मागून दाबली जाते आणि तो ताण सगळ्या द्वीपकल्पात मुरतो. जुनी गोधडी ताणली की नवीन ठिकाणी फाटत नाही, जुन्या शिवणीवर उसवते. नर्मदा-सोनचा पट्टा अशीच शिवण आहे. पण म्हणून 'विंध्य एका प्लेटवर, सातपुडा दुसऱ्या' असं लिहू नका. हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा खोडलं आहे की लाल पेन त्यातच संपलं असावं. दोन्ही डोंगर भारतीय प्लेटवरच आहेत. नर्मदा खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेला वाहते. तिने ती दरी एकटीने कोरली, हेही खरं नाही. ट्रॅपच्याही आधी याच खोलगट वाटेने समुद्र आत आला होता, धार जिल्ह्यातल्या बाघच्या चुनखडकात त्या काळचे शंख-शिंपले आणि शार्कचे दात सापडतात.

भूकंपाची वेळ सांगणारे निरोप फोनवर आले तर पुढे पाठवू नका. दिवस-वेळ सांगणारं शास्त्र अजून नाही. विषय संपला.

छोट्या पण मार्क खाणाऱ्या

'वेगेनरने प्लेट शोधल्या' हे चूक. या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, पण ते कशाने सरकतात हे त्याला पटवून देता आलं नाही, आणि १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फातच तो वारला. समुद्रतळ पसरतो ही हॅरी हेसची कल्पना १९६२ ची, आणि प्लेटचा सिद्धांत १९६५ ते १९६८ च्या दरम्यान उभा राहिला. मधल्या काळात मेरी थार्पने खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकचा तळ रेखाटला आणि मध्यावरची खचदरी दाखवून दिली. पुस्तकं तिला सहसा विसरतात.

शून्यांचा घोळ तर घरोघरी. इंटरनेटवर 'सिक्स्टी सिक्स मिलियन' वाचून मुलं ६६ लाख लिहितात, काही ६६ कोटी. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणून ६६ मिलियन म्हणजे ६ कोटी ६० लाख. उत्तर तपासायला वेग वापरा. भारत आज वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास सरकतो, नखं वाढतात त्यापेक्षा थोडा जास्त. दहा लाख वर्षांत झाले ५० किलोमीटर. आशियाशी टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, आता गुणाकार करून बघा. ५० लाख लिहिलं असतं तर भारत अडीचशे किलोमीटरच आत घुसला असता, एवढ्यात तिबेटचं पठार उभं राहत नाही.

या वर्षी भाच्याला टब दिला नाही. आमच्या मागच्या गल्लीत बोअरिंगचं काम चाललं होतं, त्याला तिथे पाठवलं. बोअरवाल्या भैयाने दर काही फुटांना वर आलेला चुरा पिशवीत भरून दिला आणि तोंडी नोंदही सांगितली, "पहले मुरम, फिर काला पत्थर, फिर लाल मिट्टी, फिर वापस काला." लोणच्याच्या काचेच्या बरणीत भाच्याने ते थर उलट्या क्रमाने, म्हणजे खालचा खाली, भरले. लाल पट्टा सुरेख उठून दिसतो. काल रात्री चिठ्ठी चिकटवून बरणी मला दाखवायला आणली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वय : ६६ लाख वर्षं.'

मी पेन पुढे केलं.